वहिनीच्या मोटरी

जयश्रीवहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानात कपाट, भांडी, गाद्या असं जे कुठल्याही नव्या सुनेच्या सामानात असतं ते सगळं होतं, आणि शिवाय बिस्किटांचा एक मोठा चौकोनी पत्र्याचा डबा होता. तो टेम्पोतून उतरवताना केशवकाका, म्हणजे बाबाचे चुलतभाऊ, कमरेत वाकले आणि म्हणाले, "यात काय सोना भरलाय काय?" आईला वाटलं, लाडू असणार. कल्याणची माणसं, हौसेने दिले असतील, अशा समजुतीने तिने सून बघायला जमलेल्या बायकांसमोरच डबा उघडला. आत काळ्या, चौकोनी, रंगीत वायरींच्या शेपट्या असलेल्या मोटरी होत्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, "बोरिंगचा पंप दिला वाटतं माहेरानं." त्या दिवसापासून आळीत तिचं नाव पंपवाली पडलं, आणि ते नाव सगळ्यांत जास्त मी घेत असे. मी तेव्हा भिवंडीत कॉलेजात जात होते, जिभेला हाड नव्हतं, आणि भावाची बायको म्हणजे आपल्याला चिडवायला मिळालेलं हक्काचं माणूस अशी माझी ठाम समजूत होती.

आमचं घर अंजूरला, खाडीच्या बाजूला. शेत होतं त्यातलं बरंचसं गोडाऊनखाली गेलं होतं, म्हणून दिवसभर ट्रक मागे घेतानाची पिपाणी वाजायची, आणि ती थांबली की खाडीवरचे बगळे ऐकू यायचे. बाबाने आयुष्यात तीन कामं केली. पावसाळ्यात भात लावलं, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत जाळी टाकली, आणि उरलेलं वर्ष भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढलं, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून द्यायचा. आई सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापायची त्या आवाजाने मी उठायची. वहिनीला भाकरी येत होती, पण निवट्या साफ करायला येत नव्हत्या. चिखलातल्या त्या बुळबुळीत मासोळ्या हातातून निसटून मोरीत पळायच्या, नि आई पदर तोंडाला लावून हसायची. "मोटरी धरतंस तशी घट धर की गं," आई म्हणायची. वहिनीही हसायची, पण पुढच्या खेपेला तिने राखेत बोटं घोळवून त्या निवट्या धरल्या. कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा जे काही चांगलं आलं ते त्या राखेमुळे आलं असावं.

तिचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा होता. लग्नाआधी ती एका कंपनीत इन्व्हर्टर जोडायच्या कामाला होती, आणि तिथे कुणाच्या तरी मासिकात तिने एक मशीन पाहिलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मशीनने ते लाकडात कोरायचं. तसं मशीन विकत घ्यायला कारखानदारच हवा, पण हौशी माणसं घरच्या घरी, भंगारातल्या मोटरी लावून ते बनवतात असं तिने त्यात वाचलं, आणि तेव्हापासून ती मोटरी जमवत होती. म्हशी विकल्यामुळे आमचा गोठा रिकामा होता. तो तिने महेशदादाकडे मागितला. नवं लग्न, दादा तेव्हा अख्खी खाडी मागितली असती तरी हो म्हणाला असता. आईने मात्र गोठ्याच्या दारात नारळ फोडला. "जनावरांची जागा हाय, कायतरी राबता झाला तर बराच," असं तिचं म्हणणं.

इथे पाटाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या आळीच्या देवीची चैत्रात जत्रा भरते. त्या दिवशी देवी नव्या पाटावर बसते आणि जुना पाट वाजतगाजत नेऊन खाडीत सोडतात. तो पाट शिवणीच्या लाकडाचा लागतो, त्यावर भाताच्या लोंब्या नि मासोळ्या कोरलेल्या लागतात, आणि तो कोरायचा मान आमच्या घराचा. पणजोबांपासूनचा. अट एकच, पाट घरातल्याच हाताने कोरायचा, सुतार बसवायचा नाही. म्हणून ज्याने कोरला त्याने पाटाच्या खालच्या अंगाला हळदीचा पंजा उठवायचा. जत्रेच्या सकाळी आळीतली मोठी माणसं पाट उलटा करून पंजा बघतात, मग देवी बसते. ज्या वर्षी पंजा नसेल त्या वर्षापासून मान चुलत घराकडे जातो. बाबाने तो पाट तरुणपणापासून कोरला. जत्रेआधी पंधरवडाभर तो पटाशी घेऊन ओटीवर बसायचा, आणि घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्याला खपायचं नाही. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला आमचा बाबा त्या दिवसांत असा काही ताठ चालायचा की आई म्हणायची, "आला बघ देवीचा जावई."

वहिनी आली त्याच्या आदल्या जत्रेला पंजा फिसकटला होता. बोटांच्या कडा दुहेरी उठल्या होत्या. केशवकाकांनी पाट उलटा केला, बघितला आणि हलक्या आवाजात बाबाला म्हणाले, "दादूस, हात हालला वाटतंय." नंतर डॉक्टरने कंपवात सांगितला. वर्षभरात चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली, आणि पुढची जत्रा जवळ येऊ लागली तशी आमच्या घरातली बोलणीच आटली. दादाने एका फुटक्या फळीवर हात चालवून बघितला. त्याने कोरलेली मासोळी पाहून आई म्हणाली, "यो तर बटाटा झाला." हसलो सगळे, पण बाबा उठून बाहेर गेला. शिवणीच्या दोनच फळ्या माळ्यावर शिल्लक होत्या. बांधावरचं झाड शेताबरोबर गेलं, त्याच झाडाच्या फळ्या त्या.

एका संध्याकाळी केशवकाका आले. चांगला माणूस, आजही मी तेच म्हणेन. ते म्हणाले, "दादूस, यंदा पाट माझ्या घरी करूया. माझ्या थोरल्याचा हात बरा हाय. मानाचा नारल तुझ्याच हातात राहील." बाबा जमिनीकडे बघत म्हणाला, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे हो. आई आत चुलीशी रडत होती. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली वहिनी, डोक्यावरचा पदर सावरत, सासऱ्यांसमोर आणि चुलत सासऱ्यांसमोर म्हणाली, "बाबा, माझं मशीन जत्रेपर्यंत होईल. पाट आपल्याच घरात होईल." केशवकाकांनी चहा घेतला, बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाले, "सूनबाय, देवीला घरातला हात लागतो." वहिनी म्हणाली, "हो ना." एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिची पाठ सरळ होती, पण ट्रे ठेवताना कप खडखडले ते मी ऐकलं. त्यानंतर मी तिला पंपवाली म्हटलं नाही.

मोटरी निवडण्यापासून सुरुवात झाली. डब्यातल्या होत्या त्या पुरेशा नव्हत्या, म्हणून ती मला घेऊन निजामपुऱ्याच्या कडेला सलीमचाचांच्या भंगाराच्या दुकानात गेली. दोन्ही बाजूंना लूमचा खटखटाट इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. गोडाऊनांमधून, ऑफिसांमधून फेकून दिलेले प्रिंटर नि झेरॉक्सची मशीनं तिथे ढिगाने पडलेली असत. चाचा सगळं वजनावर विकायचे. "बेटी, बडी वाली लो, माल ज़्यादा है," ते म्हणायचे, कारण मोटर जितकी मोठी तितकं तांबं जास्त. वहिनी उकिडवी बसायची आणि एकेक मोटर उचलून तिचा दांडा बोटांनी फिरवायची. साधी मोटर सरळ गरगरते. हिची तऱ्हा वेगळी. हिला स्टेपर म्हणतात, ही पावलापावलाने फिरते, दोनशे पावलांत एक फेरी, आणि दांडा हाताने फिरवला तरी ती पावलं बोटांना कटकट लागतात. मग वहिनी त्यातल्या दोन वायरींची टोकं एकमेकींना लावायची आणि मला म्हणायची, "आता फिरव." मघाशी सहज फिरलेला दांडा एकदम अडून बसायचा. अडला की समजायचं त्या दोन वायरी एका जोडीच्या, आणि मोटर जिवंत आहे. मला त्याची इतकी गंमत वाटली की मी ढिगातली प्रत्येक मोटर अडवून बघत सुटले. चाचा म्हणाले, "ये लड़की तो आज पूरी दुकान जाम कर देगी."

तिची निवड मला आधी उलटीच वाटली. चांगल्या ठणठणीत मोठ्या मोटरी ती बाजूला ठेवायची आणि मध्यम, चपट्या घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "आधी विचारायचं की हिला काय ओढायचंय. फळी धरणारं टेबल जड आहे, त्याला ताकदीची. कोरणारी सुरी आडव्या दांडीवर सरकवायला त्याहून कमी. आणि सुरी वरखाली करणारी मोटर त्या दांडीवरच बसते, तिचं स्वतःचं वजन दुसऱ्या मोटरीला ओढावं लागतं, म्हणून ती हलकीच हवी." मग ती मीटर लावून तारेचा अडथळा बघायची. कमी भरला की तिचा चेहरा उजळायचा. बारीक तारेचे खूप वेढे असलेली मोटर सावकाश चालवली तर बैलासारखी ओढते, पण वेग दिला की तिच्यात वीज शिरायलाच वेळ लागतो आणि ती पावलं चुकवते, असं तिने मला रिक्षात बसून समजावलं होतं. ओढणीत बांधलेल्या मोटरी मांडीवर, बाजूला मेथीच्या जुड्या, आणि रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघतोय.

हे दादाला पटलं नाही. भिवंडीत वाढलेल्या कुठल्याही पुरुषाला पटणार नाही. इथे लूम जोर घेत नसेल तर मोठी मोटर लावतात, विषय संपला. दादा एक दिवस शेलार गावच्या मित्राकडून नारळाएवढी स्टेपर मोटर खांद्यावर घेऊन आला आणि गोठ्यात धपकन ठेवून म्हणाला, "ही लाव. बाकीच्या खेळण्यातल्या वाटतात." आईने तिचं नाव हत्ती ठेवलं. वहिनीच्या जागी मी असते तर नवऱ्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. तिने काय केलं, हत्तीला वायरी जोडल्या आणि दादाला दांडा धरायला सांगितला. सावकाश चालवला तेव्हा दांड्याने दादाचं मनगट पिरगाळलं. "बघ!" दादा म्हणाला. मग तिने वेग वाढवला. हत्ती आधी गुरगुरला, मग किंचाळला, आणि एकाएकी जागच्या जागी थरथरत उभा राहिला. दादाने दोन बोटांनी दांडा धरला तरी फिरेना. तिने तीच जोडणी आमच्या भंगारातल्या चपट्या मोटरीला केली, ती त्याच वेगात गात सुटली. गात हा शब्द माझा नाही, आईचा. वेग वाढला की आवाज चढायचा, कमी झाला की उतरायचा, आणि आई भाकरी थापता थापता विचारायची, "आता कुठली बोलली? मधली का बारकी?" दादाने हत्तीकडे बघून मान हलवली. "जाऊ दे, दाराला अडकण लावू," म्हणाला. तो हत्ती कितीतरी वर्षं आमच्या गोठ्याचं दार धरून बसला होता.

एक गोष्ट मात्र दादाने आपल्या मनाप्रमाणे केली. मशीनचं बटणांचं फळकुट त्याने बनवलं आणि तिन्ही मोटरींना वेगवेगळं बटण दिलं, प्रत्येकावर लाल दिवा. लूमच्या कारखान्यात तसंच असतं, प्रत्येक लूमला आपलं बटण, बिघडला तो बंद करायचा, बाकीचे चालू. वहिनी म्हणाली, एकच पुरे. पण फळकुट सुबक झालं होतं, दादा खूश होता, तिने राहू दिलं.

माझं काम चित्राचं. बाबा कधी कागदावर काढत नसे, कोळशाने थेट फळीवर रेघा मारायचा, आणि आता रेघ सरळ येत नव्हती. म्हणून मी देवळात जाऊन चालू वर्षाच्या पाटावर कागद ठेवून कोळसा घासला. लोंब्या, मासोळ्या, काठावरच्या लाटा, सगळं कागदावर उठलं. ते जुन्या कॉम्प्युटरवर टिपक्या टिपक्यांनी चढवताना माझे डोळे दुखून यायचे. छापलेला कागद बाबासमोर धरला तेव्हा त्याने तो डोळ्यांजवळ ओढला. मग थरथरतं बोट एका मासोळीवर टेकवून म्हणाला, "हिची शेपटी वर घे. यो मासा भरतीचा हाय, मेलेला न्हाय." मी शेपटी वर घेतली. चार वेळा घ्यायला लावली. पाचव्या खेपेला बाबा म्हणाला, "आता पवते." कितीतरी महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता.

लाईट सकाळी असायची आणि दुपारी हमखास जायची, त्यामुळे पहिली फळी आम्ही सकाळीच लावली. मशीन सुरू झालं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. लाकडाचा भुगा उडतोय, खाली टेबल सरकतंय, आणि शिवणीच्या पिवळट फळीतून बाबाची लोंबी वर येतेय, दाण्यामागून दाणा. बाबा खुर्चीत बसून होता. मासोळ्यांची पहिली रांग पूर्ण झाली तेव्हा त्याने खिशातून तंबाखू काढली आणि मळायची विसरून गेला. आईने वहिनीची दृष्ट काढली, मशीनचीही काढली. मी वहिनीकडे बघत होते. केसांत भुगा, ओढणी कमरेला, एक कान मोटरींकडे. आपल्या घरात हे असं माणूस आहे, या विचाराने मला उगाच रडायला आलं.

मग तिला आईने भाकरी खायला आत बोलावलं. मीही गेले. गोठ्यात बाबा एकटा होता. आम्ही सुकटीचा पहिला घास घेतला असेल नसेल, तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला. करकरत काहीतरी ओढल्यासारखा. वहिनी उष्ट्या हाताने धावली. मी पोचले तोवर तिने सगळं बंद केलं होतं. फळीवर लोंब्यांमधून, मासोळ्यांच्या पाठींवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खोल चर गेला होता. बाबा फळकुटाजवळ उभा होता. त्यातला एक लाल दिवा विझलेला.

"पोरी," बाबा म्हणाला, "ती वरची मोटर जलत व्हती. फिरत न्हवती, नुसती उभी, आन हात ठेववंना. मी बंद केली."

जॉबर माणूस. तीस वर्षं सकाळी कारखान्यात शिरल्यावर आधी प्रत्येक मोटरीच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि जी फिरत नसून तापलीय ती त्याच क्षणी बंद करायची, नाहीतर कापसाला आग. त्याच हाताच्या सवयीने एकदा अख्खा कारखाना वाचला होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण आमची ही वरची मोटर सुरीला उंचीवर धरून ठेवत होती. ती बंद पडली, आणि एक मासोळी संपवून दुसरीकडे जाताना सुरी वर उचललीच गेली नाही. तशीच लाकूड फाडत गेली.

दादाच्या तोंडून काहीतरी जाणार होतं, वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. बाबा खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन म्हणाला, "केशवला सांग. पाट त्याच्याकडंच होऊ दे." त्या दिवशी तो जेवला नाही. आईने ताट तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याला हाताला धरून गोठ्यात आणलं. मला वाटलं, समजूत काढेल. तिने समजूत वगैरे काढली नाही. तिने मशीन रिकामंच चालू केलं आणि बाबाचा हात आधी फिरणाऱ्या मोटरीवर ठेवला, मग थांबलेल्या.

"बाबा, बघा. दोन्ही तापतात. थांबलेली जरा जास्तच. ती झोपलेली नसते. तिला जागा सोडायची नसते, म्हणून वीज तिच्यात सारखी वाहतेच. ती सोडून दिली की सुरीचा ठिकाणा गेला."

बाबाने हात उचलला, पुन्हा ठेवला. कपाळावर आठ्या. मग म्हणाला, "म्हंजे भरतीला होरी एका जाग्याव धरून ठेवल्यागत." वहिनीला कळलं नाही. होरी म्हणजे आमच्याकडची लहान होडी. बाबाने बांबू धरल्यासारखे हात केले, थरथरणारे हात, आणि पाय रोवून उभा राहिला. "जाली वडणारा वडतो. पन होरी धरणारा हलत न्हाय आन घाम त्यालाच जास्त."

"हां, तेच," वहिनी म्हणाली. "तर आता हे काम तुमचं. मला सगळीकडे बघता येत नाही. तुम्ही हात ठेवून बसायचं. चहाने भरलेल्या स्टीलच्या पेल्याएवढी तापली तर चालेल. त्याहून जास्त वाटली तर मला हाक मारा, बटण दाबू नका."

त्यावर ती बटणं काढून टाकेल असं मला वाटलं होतं. तिने काढली नाहीत. आज तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेल्यावर, माझ्या हाताखाली माणसं काम करायला लागल्यावर, मला त्या न काढलेल्या बटणांचं मोल कळतं. ज्याच्या हातून शेवटून दुसरी फळी गेली त्याच्याच हाताशी तिने बटणं ठेवली आणि शेवटची फळी लावली. एवढी छाती माझी अजून झालेली नाही.

ती फळी कोरायला आम्हाला अनेक सकाळी लागल्या. लाईट जायच्या आधी थांबायचं, खूण करायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच धरायचं. बाबा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून यायचा आणि वरच्या मोटरीवर तळवा टेकवून बसायचा. मोटरीची बारीक थरथर आणि हाताची थरथर, त्यात कुठली कुठली ते ओळखू यायचं नाही. मधूनच म्हणायचा, "पेल्याएवढी." वहिनी म्हणायची, "चालेल." दोघांचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच, पण आईला त्याचाही हेवा वाटायचा. "माझ्याशी एवढा बोलला असता तर," म्हणायची. शेवटची मासोळी सुटी झाली तेव्हा तिची शेपटी वर होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी हळद कालवली. पाट पालथा घातलेला, वाटी बाजूला, आणि बाबा म्हणाला, "सूनबाय, हात दे." वहिनी मागे सरली. "नाही बाबा. नक्षी तुमची आहे. पंजा तुम्ही उठवा." बाबा म्हणाला, "कोरला कोनी?" ती म्हणाली, "मशीनने." बाबा म्हणाला, "मशीन कोनी केली?" आमच्या घरात तोवर कुठल्याही बाईचा पंजा त्या पाटावर उठला नव्हता. तसा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आई उठली, तिने वहिनीचं मनगट धरून तिचा हात हळदीत बुडवला आणि पाटावर ठेवला. डाग पडेल म्हणून ती हात जेमतेम टेकवत होती. तेव्हा बाबाने आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि दाबला. त्याचा हात हलला, त्याच्याखाली तिचाही हलला. दोघांनी हात उचलले तर बोटांच्या कडा दुहेरी उठलेल्या, मागच्या खेपेसारख्याच. दादा म्हणाला, "पुसून परत उठवूया." बाबाने त्याला हातानेच थांबवलं.

मला त्या रात्री झोप कसली येते. सकाळी देवळापुढे सगळी आळी जमली होती. ताशा वाजत होता, भज्यांच्या तेलाचा वास येत होता, आणि बायकांच्या घोळक्यात वहिनी सगळ्यांत मागे उभी होती. तिच्या तळव्याची हळद निघाली नव्हती, ती तिने पदरात लपवली होती. केशवकाकांनी पाट हातात घेतला. लोंब्यांवरून बोट फिरवलं, मासोळीपाशी थांबले, बाबाकडे बघून मान डोलावली. मग पाट उलटा केला. ताशा थांबला. काका खाली वाकून बघत राहिले.

"दादूस," काका म्हणाले, "हात हालला वाटतंय."

"हालनारच," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दोघांचा हाय. माझा आन माझ्या सुनेचा."

काकांनी वर बघितलं. बायकांच्या डोक्यांवरून त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या वहिनीपर्यंत गेली. सगळ्या माना तिकडे वळल्या, पंपवाली म्हणणाऱ्यांच्याही. तिने पदरातून हात बाहेर काढला नाही, पण नजरही खाली घातली नाही. काकांनी पाट सरळ केला, दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि म्हणाले, "घरातलाच हाय. बसवा देवीला."